मुंगीचे पाय कुठून निघतात?

चौथीच्या वर्गाला सांगून पाहा, "मुंगी काढा." मुलं लगेच कागदावर वाकतात. तीन गोळे एकापुढे एक, पुढच्या गोळ्याला डोळे, डोक्यावर दोन मिशा. इथवर सगळ्यांचं सारखंच. पायांपाशी मात्र गोंधळ होतो. कुणाच्या मुंगीला गाईसारखे चार पाय, कुणाच्या मुंगीला आठ. कुणी तिन्ही गोळ्यांना दोन-दोन पाय वाटून सहाचा हिशेब जुळवतं. पाय मधल्याच गोळ्याला आणि सहाच, अशी मुंगी वर्गात क्वचित एखादी निघते.

मुंगी काही वाघ नव्हे, की मुलांनी कधी पाहिलीच नसावी. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून असलेल्या सालेकसा तालुक्यात तर किडे शोधायला जावं लागत नाही. ते घरात येतात, दप्तरात येतात, जेवणाच्या ताटात येतात. धानाच्या बांधीत तुडतुडे, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावर चतुर, बेशरमाच्या पानांवर भुंगेरे, ऐनाच्या झाडावर कोसा, पळसाच्या फांदीवर लाख. हाजराफॉल धबधब्याजवळच्या ओल्या वाळूवर फुलपाखरांचे थवे बसतात. इतकं रोज डोळ्यांसमोर असूनही हात चुकतो, तो का? आणि चुकलेला हात रागावून न सुधारता कसा सुधारायचा? त्यासाठी मुलाचं चित्र कसं तयार होतं ते समजून घ्यावं लागतं, आणि किड्याचं शरीर कसं बांधलेलं असतं तेही.

मूल दिसतं ते काढत नाही, माहीत असतं ते काढतं

जॉर्ज-आंरी ल्युके हे फ्रेंच अभ्यासक. मुलांच्या चित्रांवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक १९२७ साली आलं. लहान मुलाच्या चित्रात जमिनीखालचे बटाटे जमिनीच्या आरपार दिसतात, बाजूने काढलेल्या चेहऱ्यालाही दोन डोळे असतात, टेबलाचे चारही पाय चार दिशांना फाकलेले असतात. हे हात कच्चा असल्यामुळे होत नाही, असं ल्युके यांनी दाखवलं. बटाटे तिथे आहेत, डोळे दोन आहेत, पाय चार आहेत, हे मुलाला पक्कं माहीत असतं आणि ते तेच कागदावर मांडतं. त्या वयातलं चित्र म्हणजे वस्तूबद्दल मुलाला असलेल्या माहितीची यादी असते. समोर दिसतं तसं काढायची ओढ साधारण आठव्या-नवव्या वर्षानंतर हळूहळू वाढते.

मुंगीच्या बाबतीत मुलाच्या यादीत काय असतं? ती काळी किंवा लाल असते, चावते, तिला पुष्कळ पाय असतात. पाय नेमके कुठून फुटतात हे त्या यादीत नसतं, कारण ते कळायची गरजच कधी पडलेली नसते. मग मूल ती जागा ओळखीच्या प्राण्यावरून भरून काढतं. गाय, बैल, बकरी, कुत्रा या सगळ्यांचे पाय अंगाच्या दोन टोकांना असतात. म्हणून मुंगीचेही पाय अंगभर पांगतात.

म्हणजे चित्र सुधारायचं तर आधी यादीत एक नवी नोंद पडायला हवी. फळ्यावर तयार मुंगी काढून "अशी काढा" म्हटलं की ती पडत नाही. मूल फळ्याची नक्कल करतं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा चार पायांवर येतं. माझं ठाम मत आहे, की किड्यांचं चित्र शिकवताना खडू सगळ्यात शेवटी हातात घ्यावा. आधी माती घ्यावी.

मातीची मुंगी उभी राहते तेव्हा

आपल्याकडे मुलांच्या हाताला मातीची सवय असते. पोळ्याच्या सुमारास घरोघरी मातीचे बैल होतात, तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीबैल गावातून फिरतात. त्याच मातीचे तीन गोळे करायला सांगावेत: डोक्याचा लहान, मधला छातीचा, आणि मागचा पोटाचा सगळ्यात मोठा. गोळे एकमेकांना जोडताना छाती आणि पोट यांच्यामध्ये बारीक कंबर ठेवायची, कारण मुंगीची ओळखच ती. मग खराट्याच्या सहा काड्या द्यायच्या आणि एवढंच सांगायचं, की मुंगी उभी राहिली पाहिजे.

पहिल्या प्रयत्नात बहुतेक मुंग्या आडव्या होतात. कुणी काड्या पोटात खुपसतं, कुणी डोक्यात, कुणी सगळ्या सरळ खाली. खरी मुंगी काचेच्या बरणीत ठेवून खालून, बरणीच्या तळातून बघायला दिली, की पहिला धक्का बसतो: पोटाला पायच नाहीत. डोक्यालाही नाहीत. सहाही पाय मधल्या लहानशा भागातून फुटलेले आहेत. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पायांची पहिली जोडी पुढे झुकलेली असते, दुसरी बाजूला पसरलेली, तिसरी मागे गेलेली. काड्या तशा तिरक्या खोचल्या की मातीची मुंगी उभी राहते. पोटाचा गोळा फारच मोठा केला असेल तर ती मागे कलंडते. मग मागच्या काड्या आणखी मागे न्याव्या लागतात. हे मुलं स्वतःच शोधून काढतात, सांगावं लागत नाही.

आता खरी गंमत करायची. उभ्या मुंगीच्या तीन काड्या काढून घ्यायच्या. डावीकडची मधली, उजवीकडची पहिली आणि उजवीकडची शेवटची. उरतात तीन: डावीकडच्या पुढची-मागची आणि उजवीकडची मधली. मुंगी पडत नाही! तीन पायांचा त्रिकोण होतो आणि अंगाचा भार त्या त्रिकोणाच्या आत राहतो. खरी मुंगी चालते ती अशीच. एका वेळी तीन पाय जमिनीवर त्रिकोण धरून असतात आणि दुसरे तीन पुढे पडतात, मग अदलाबदल. साध्या चालीत ती प्रत्येक पावलाला तीन पायांवर तोललेली असते, म्हणून चालताना तिचा तोल जात नाही. ही चाल एकदा कळली की चित्रातली मुंगी चालू लागते. एका बाजूचे दोन पाय टेकलेले आणि मधला उचललेला, दुसऱ्या बाजूला बरोबर उलटं, एवढं काढलं की पुरतं.

पाय छातीलाच का? कीटकाच्या शरीरात आपल्यासारखी आत हाडं नसतात. त्याचं कातडंच कडक असतं आणि तेच सांगाड्याचं काम करतं. शास्त्रात त्याला बाह्यकंकाल म्हणतात, म्हणजे अंगाबाहेरचा सांगाडा. पाय आणि पंख हलवणारे स्नायू या कडक कवचाला आतून चिकटलेले असतात. जोर लावायचा तर स्नायूला धरायला पक्की, न वाकणारी जागा लागते. छाती ती जागा देते. पोट मात्र पक्कं राहून चालत नाही. तिथे पचनाची नळी असते, मादीची अंडी असतात, खाल्लं की ते फुगायला हवं. म्हणून पोट कड्याकड्यांचं आणि लवचीक असतं. कीटकांच्या फार प्राचीन पूर्वजांना गोमेप्रमाणे जवळजवळ प्रत्येक खंडाला पाय होते. लाखो पिढ्यांमध्ये पोटाचे पाय गळाले आणि छातीचे तेवढे राहिले.

हा नियम हाती आला की मुलं प्रत्येक किड्याला तो लावून बघतात. चतुराचे सहाही पाय छातीला, पण सगळे डोक्याकडे सरकलेले. त्यामुळे चतुर काडीला धरून बसतो, पण त्याला नीट चालता येत नाही. त्या पायांची परडी करून तो उडता उडता डास पकडतो. सुरवंटाला पुष्कळ पाय दिसतात, पण डोक्यामागचे टोकदार सहाच खरे. मागचे जाडे, मऊ पाय फांदी धरण्यापुरते असतात आणि फुलपाखरू होताना नाहीसे होतात.

मृगाचा किडाही बघावा. पहिल्या पावसानंतर ओल्या मातीवर लाल मखमलीचा ठिपका चालत येतो आणि मुलं त्याला तळहातावर घेतात. त्याचे पाय मोजले की आठ भरतात. कंबर नाही, तीन भाग नाहीत. तो कीटक नाहीच, कोळ्याच्या आणि गोचिडाच्या कुळातला आहे. आणखी नवल म्हणजे अंड्यातून निघालेल्या त्याच्या पिल्लाला सहाच पाय असतात, उरलेले दोन पुढे वाढताना येतात. एवढ्याशा जिवामुळे पाय मोजायची सवय लागते, आणि चित्रकाराला ती हवीच.

फुलपाखरू असं बसत नाही

मुंगीचं चित्र मुलं अंदाजाने काढतात. फुलपाखराचं मात्र पाठ असतं. मध्ये एक काडी, दोन्हीकडे चार पंख पूर्ण उघडे, वर दोन वळलेल्या मिशा. सालेकशापासून सांगलीपर्यंत हेच फुलपाखरू शाळेच्या भिंतींवर, वह्यांवर, वाढदिवसाच्या फुग्यांवर दिसतं.

ही बैठक आली कुठून? ती आली संग्रहालयातून. मेलेलं फुलपाखरू पेटीत टाचताना पुढच्या पंखांची खालची कड अंगाशी काटकोनात येईल एवढे पंख पुढे ओढून ताणतात, म्हणजे चारही पंखांवरची नक्षी पूर्ण दिसते. ओळख पटवायला ती सोय चांगली. जुन्या पुस्तकांतली चित्रं अशा पेट्यांवरून निघाली आणि त्या चित्रांवरून पुढची चित्रं. जिवंत फुलपाखरू पंख असे ताणून क्वचितच बसतं. चिखलातलं क्षारयुक्त पाणी शोषताना बरीच फुलपाखरं पंख मिटून उभी असतात. ऊन घेताना काही पंख अर्धवट उघडतात. फुलावर पंख सतत फडफडत असतात. मिटलेल्या पंखांचं चित्र मुलांना काढायला दिलं की त्यांना फुलपाखराची दुसरी बाजू सापडते, आणि ती बहुधा अगदी वेगळी असते. वरून निळं, पिवळं, नारिंगी. खालून मातकट, वाळक्या पानाच्या रंगाचं. उडताना जोडीदाराला दिसायचं आणि बसताना सरड्याला, पाखराला दिसायचं नाही, अशी दोन कामं एका पंखाच्या दोन बाजूंनी वाटून घेतलेली असतात. धानाच्या बांधीजवळ संध्याकाळी जमिनीलगत उडणारं एक तपकिरी फुलपाखरू आहे. त्याची अळी धानाचीच पानं खाते. ते पाचोळ्यावर बसलं की दोन पावलांवरूनही सापडत नाही.

पंखांच्या या दोन बाजूंचं खेळणंही छान होतं. जाड कागद दुमडून पंख कापायचे, आतल्या बाजूला भडक रंग, बाहेरून मातकट. घडी उघडली की उडणारं फुलपाखरू, मिटली की बसलेलं. कागदाच्या अर्ध्या भागावर ओला रंग टाकून घडी दाबायची आणि ठसा उमटवायचा, हा खेळ बहुतेक शाळांत होतो. त्यात डावं-उजवं सारखं येतं, तेही खरंच आहे. दोन्ही पंख वजनाने आणि आकाराने सारखे नसतील तर उडताना तोल जाईल. पण ठशाच्या खेळात एक चूक हमखास होते: पंख काडीच्या डोक्यापासून शेपटापर्यंत चिकटतात. मातीच्या मुंगीचा नियम इथेही चालतो. चारही पंख छातीलाच असतात, आणि पोट मागे मोकळं असतं.

फुलपाखरू पकडलं की बोटांना पूड लागते. ती पूड म्हणजे पंखांवरचे खवले. घरावर कवेलू घालतात तसे ते ओळीने, एकाच्या काठावर दुसरा असे रचलेले असतात. प्रत्येक खवला एका रंगाचा असतो आणि असे हजारो खवले मिळून नक्षी बनते. म्हणून फुलपाखराच्या पंखावरची रेघ भिंगातून पाहिली तर अखंड नसते, बारीक ठिपक्यांची असते. मध्य प्रदेशातल्या पाटणगडच्या परधान गोंड चित्रकारांनी, विशेषतः जनगडसिंह श्याम यांनी, आकार ठिपक्या-रेघांच्या ओळींनी भरण्याची जी रीत जगापुढे आणली, ती इथे फार उपयोगी पडते. सपाट रंग फासण्याऐवजी मुलाने पंख ठिपक्यांच्या ओळींनी भरला तर तो खऱ्या पंखाच्या जास्त जवळ जातो.

चौकट : कागदाला हात लावण्यापूर्वी

किडा आधी निदान पाच मिनिटं नुसता बघावा. अंगाचे भाग किती, पाय किती आणि कोणत्या भागाला, पंख आहेत का, मिशा सरळ की कोपरातून वाकलेल्या, हे तोंडी सांगावं. मग किडा काय करतोय ते एका वाक्यात सांगावं: खातोय, चालतोय, दबा धरून बसलाय. तो कोणत्या झाडावर किंवा कशावर सापडला ते कागदाच्या कोपऱ्यात लिहावं, तारखेसह. किड्याचा खरा आकार एका रेघेने दाखवावा आणि चित्र मात्र पानभर मोठं काढावं. चिमुकलं चित्र काढलं की पाय मोजायचे राहून जातात. पुसायचं रबर पहिल्या चित्राला देऊ नये. पहिली चुकलेली रेघ तशीच राहिली की दुसरी कुठे बदलली ते मुलाला दिसतं.

रंग सांडतो कुठे, आणि टिकतो कुठे

तळ्याकाठी, रस्त्याच्या कडेला बेशरमाची झुडपं असतात. त्यांच्या पानांवर कासव-भुंगेरे सापडतात, नखाएवढे, वरून पारदर्शक ढाल पांघरलेले. त्यांच्यातल्या काहींच्या पाठीवर अस्सल सोन्याची झळाळी असते. मुलं असा भुंगेरा हौसेने काडेपेटीत घालून घरी नेतात आणि दुसऱ्या दिवशी पेटीत एक मळकट तपकिरी किडा मेलेला सापडतो. सोनं कुठे गेलं?

कीटकांच्या अंगावर रंग दोन तऱ्हांनी येतो. एक तऱ्हा रंगद्रव्याची. हळद पिवळी असते तसा तो पदार्थच त्या रंगाचा असतो. दुसरी तऱ्हा रचनेची. तिथे पदार्थाला स्वतःचा तो रंग नसतो. अतिशय पातळ थर एकावर एक असतात, वेगवेगळ्या थरांवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो, काही रंग एकमेकांना पुसून टाकतात आणि काही उजळतात. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर दिसणारे रंग याच जातीचे. कासव-भुंगेऱ्याच्या सोन्याला त्या थरांमधला ओलावा लागतो. किडा मेला, थर सुकले, की प्रकाशाचं गणित बिघडतं आणि सोनं विझतं. चतुरांचंही तसंच काहीसं होतं. त्यांच्या अंगावरचे लाल-निळे रंग मेल्यावर लवकर उतरतात. म्हणून या दोघांचं चित्र जिवंत असतानाच, जागेवर बसून काढावं. काडेपेटीतून ते निघत नाही.

याउलट चकचकीत हिरवा सोनकिडा. त्याच्या पाठीचे थर कोरडे आणि पक्के असतात, त्यामुळे तो मेल्यावरही वर्षानुवर्षं झळकतो. जम्मू भागातल्या बसोहलीच्या चित्रकारांना हे ठाऊक होतं. सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी काढलेल्या लघुचित्रांत देवदेवतांच्या दागिन्यांतले पाचू म्हणून सोनकिड्याच्या पाठीचे तुकडे चिकटवले. रंगपेटीतल्या हिरव्याने ती चमक येत नाही, हे मुलांनाही लगेच कळतं. सोनकिडा काढताना त्यांना चॉकलेटचा चमकदार कागद किंवा फेकून दिलेल्या सीडीचा तुकडा द्यावा. सीडीवरचा रंगही रचनेचाच आहे, बघायची दिशा बदलली की बदलणारा.

आणि सालेकशाच्या मुलांना तर किड्याचं चित्र किड्याच्याच रंगाने काढता येतं. गोंदिया जिल्ह्यात पळस आणि कुसुमाच्या झाडांवर लाख होते. लाखेचा किडा अंड्यातून निघतो तेव्हा मिलिमीटरहूनही लहान असतो. फांदीवर कोवळी जागा शोधून तो सोंड खुपसतो आणि रस पिऊ लागतो. मादी तर एकदा बसली की जागेवरून उठतच नाही. तिचे पाय झडतात आणि आपल्या अंगातून पाझरणाऱ्या राळेखाली ती स्वतःला गाडून घेते. शेजारी-शेजारी बसलेल्या हजारो माद्यांची राळ मिळून फांदीवर जो खडबडीत थर तयार होतो, ती लाख. बांगड्या, मोहोर, लाकडाचं पॉलिश या सगळ्यांत ती राळ वापरतात. पण त्या राळेत किड्याच्या अंगातला लाल रंगही असतो. पायाला लावायचा अळता पूर्वी त्याच रंगाचा व्हायचा.

काडीवरची कच्ची लाख भरडून कोमट पाण्यात चिमूटभर धुण्याच्या सोड्याबरोबर भिजत घातली की पाणी गडद लाल-जांभळं होतं. ते गाळून घ्यायचं आणि एका वाटीत लिंबाचे दोन थेंब पिळायचे: रंग नारिंगीकडे झुकतो. एकाच किड्यापासून दोन रंग झाले, आणि आम्ल-अल्कलीचा धडाही झाला. मृगाचा किडा या लाल रंगाने रंगवायला हरकत नाही. पळसाची वाळलेली फुलं उकळून पिवळा मिळतो, चुलीच्या काजळीतून काळा. रंगपेटी विकत आणायची गरज उरत नाही.

एका पानावर सगळं आयुष्य

जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये १६६० साली तेरा वर्षांची एक मुलगी रेशमाचे किडे पाळत होती. मारिया सिबिला मेरियन तिचं नाव. तिचे सावत्र वडील चित्रकार होते. किडे चिखलातून, सडक्या मांसातून आपोआप उपजतात असं तेव्हा पुष्कळ लोक मानत. मारिया रोज किडे बघत गेली, काढत गेली. अंडं, अळी, कोष, पतंग. पुढे १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ती धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली आणि तिथल्या किड्यांवरचं तिचं मोठं चित्रांचं पुस्तक १७०५ मध्ये छापलं गेलं. तिच्या आधीचे लोक किडे पेटीतल्या रांगेसारखे मांडून काढत. तिने एकाच पानावर झाड काढलं, त्या झाडाचं पान खाणारी अळी काढली, फांदीला लटकलेला कोष काढला आणि वर उडणारं फुलपाखरू. किडा कुठे राहतो, काय खातो आणि काय होतो हे एका नजरेत दिसावं, ही युक्ती तिची. मुलांच्या चित्रासाठी मला याहून चांगली मांडणी माहीत नाही.

सालेकशात हे पान काढायला रेशमाच्या किड्याचा जंगली भाऊबंद हजर आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडावरचा कोसा, म्हणजे टसर रेशमाचा किडा. पूर्व विदर्भातल्या भंडारा-गडचिरोलीकडे ढिवर समाजातली कुटुंबं पिढ्यान्पिढ्या झाडांवर कोसा वाढवत आली. त्याची अळी हिरवीगार, हाताच्या बोटाहून जाड. चार वेळा कात टाकते, आणि प्रत्येक वेळी आधीचं अंगच लहान पडलेलं असतं म्हणून टाकते. बाह्यकंकाल वाढत नाही, ते बदलावंच लागतं.

एक कोसा हातात घेऊन बघा. अंड्याच्या आकाराचा, पिवळट करडा, नखाने टोचला तरी दबत नाही इतका कडक. वरच्या टोकाला एक काळपट देठ असतो आणि देठाच्या शेवटी एक कडी. अळी कोसा विणायच्या आधी फांदीभोवती ही कडी विणते, मग देठ, मग पानांच्या आडोशाने बाकीचं घर. उन्हाळ्याच्या तोंडावर ऐनाची पानं गळतात, पण कडी फांदीला असल्यामुळे कोसा गळत नाही. आतला जीव महिनोन्महिने निपचित राहून पावसाची वाट बघू शकतो. मग पतंग तोंडातून एक द्रव सोडतो, त्याने देठाकडचे धागे सैल होतात, आणि तो ते बाजूला सारून बाहेर येतो. बाहेर आलेल्या पतंगाचं तोंड नावापुरतं असतं. तो काही खात नाही. अळीने खाऊन साठवलं त्यावर थोडे दिवस जगतो, जोडीदार शोधतो, मादी अंडी घालते. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद असतात, कारण मादीचा वास त्याला लांबून हुंगायचा असतो. चारही पंखांवर एकेक गोल डोळा, आणि त्या डोळ्याच्या मध्यभागी खवलेच नाहीत: आरपार दिसणारी खिडकी. कागदाचा कोसा-पतंग करताना तिथे भोक पाडून पारदर्शक प्लॅस्टिक चिकटवलं की तो प्रकाशात धरण्याजोगा होतो. पतंग निघून गेलेला रिकामा कोसा मिळाला तर तोच चित्रावर शिवून टाकावा.

ज्यांच्या घराजवळ ऐन नाही त्यांच्या परसात लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं झाड असतं. त्यावर काळ्या-पिवळ्या फुलपाखराची अळी असते. लहानपणी ती पाखराच्या शिटेसारखी दिसते, म्हणून तिला कुणी खात नाही. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. हळूच डिवचलं तर डोक्यामागून मऊ शिंगांची जोडी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. ती कोसा विणत नाही. रेशमाच्या एका धाग्याचा पट्टा कमरेभोवती बांधून फांदीला टेकते आणि कातडी टाकली की आत तयार झालेला कोष उघडा पडतो. फुलपाखरांचं बहुतेक असंच असतं. रेशमाचं घर विणतात ते मुख्यतः पतंग. एरिक कार्ल यांच्या १९६९ च्या जगप्रसिद्ध भुकेल्या सुरवंटाच्या चित्रपुस्तकातही फुलपाखरू विणलेल्या घरातून बाहेर येतं. पुस्तक सुंदरच आहे, मुलांना जरूर वाचून दाखवावं. वाचून झाल्यावर लिंबाच्या झाडापाशी नेऊन मुलांना विचारावं, आपल्याकडे कसं होतं?

किडा बसत नाही तेव्हा

मुलांची सगळ्यात मोठी तक्रार असते, किडा हलतो. ही तक्रार जुनी आहे. इंग्लंडचे रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या गोष्टींचं पुस्तक छापलं. त्यातली पिसू पुस्तकाच्या पानात मावली नाही, तिच्यासाठी घडीचा कागद घालावा लागला. मुंगीने मात्र हुकना दमवलं. ती पाय चिकटवले तरी वळवळायची, आणि मारली तर आक्रसून जायची. शेवटी त्यांनी तिला ब्रँडीत बुडवलं. ती निपचित पडली, तेवढ्यात त्यांनी चित्र काढून घेतलं, आणि बऱ्याच वेळाने ती उठून पळाली.

शाळेत ब्रँडीची गरज नाही. झाकणाला बारीक भोकं पाडलेली काचेची बरणी, आत किडा सापडला त्याच झाडाची डहाळी, आणि बरणी सावलीत. किड्याला खायला मिळालं की तो पुष्कळ वेळ एका जागी राहतो. हलला तर त्याच पानावर दुसरं चित्र सुरू करायचं. तो पुन्हा पहिल्या बैठकीत आला की पहिलं पूर्ण करायचं. अशा अर्ध्या-अर्ध्या चित्रांचं पान दिसायला अस्ताव्यस्त होतं, पण किड्याच्या हालचाली त्यातच टिपल्या जातात. चित्र झालं की किडा जिथून आणला तिथेच सोडायचा. लिंबावरची अळी आंब्यावर सोडली तर ती उपाशी मरेल.

हात लावण्याच्या बाबतीत मात्र कडक राहावं. केसाळ सुरवंटाचे केस कातडीत रुततात आणि दिवसभर आग होते. गांधीलमाशी आणि मधमाशी लांबून काढायची. बांधीत किडे बघायला जायचं तर फवारणी कधी झाली ते घरच्यांना विचारूनच जायचं. नागझिऱ्यासारख्या राखीव जंगलातून एकही किडा उचलून आणायचा नाही, तिथे कायद्याने बंदी आहे. तिथे वही न्यावी, बरणी नेऊ नये.

तारीख आणि झाड लिहिलेली ही चित्रं वर्षभर एका दोरीला टांगून ठेवावीत. जूनमध्ये मृगाचे किडे, पावसाळ्यात लिंबावरच्या अळ्या आणि ऐनावरचा कोसा, धान निसवताना चतुर, तुडतुडे आणि खोडकिड्याचे पिवळट पतंग, पळस फुलण्याच्या दिवसांत लाख. बांधीत खोडकिडा यंदा केव्हा दिसला हे मुलाच्या चित्रावर लिहिलेलं असेल, तर पुढच्या वर्षी फवारणीचं ठरवताना त्याच्या बापालाही ते कामाला येईल.